मावशीची उजवी बाजू

४ फेब्रुवारी

काका,

आधी नमस्कार, मग बाकीचं.

तुम्ही फोन उचलत नाही म्हणून पत्र लिहितो आहे. काकू म्हणाली की पत्रही तुम्ही हातात घेणार नाही, ती मोठ्याने वाचेल आणि तुम्ही ऐकत नसल्यासारखं करून लगामाला तेल लावत बसाल. चालेल. लगामाला तेल लावताना तुमचे कान उघडे असतात, हे मला अकरा वर्षांच्या अनुभवाने माहीत आहे. (काकू, हे वाक्य मनातल्या मनात वाचायचं होतं.)

मी बरा आहे. खोली दुसऱ्या मजल्यावर आहे, खाली शिंप्याचं दुकान. सकाळी सातला त्याचं मशीन सुरू झालं की माझं टेबल थरथरतं, म्हणून अभ्यास सातच्या आत करतो. भिंतीवर घोड्याच्या सांगाड्याचं मोठं चित्र लावलं आहे. घरमालकीण भाडेकरूची खोली बघायला आली आणि दारातच थबकली. म्हणाली, निदान त्याचं तोंड दाराकडे नको. आता तो खिडकीतून समोरच्या गच्चीवरचे कपडे बघतो.

दवाखान्यात सध्या सगळी कुत्रीच येतात. पाण्याने भरलेली काचेची टाकी आहे, तिच्या तळाला सरकता पट्टा. पाठीचं ऑपरेशन झालेल्या कुत्र्याला त्यात उभं करायचं, पाणी त्याचं वजन उचलतं आणि पट्टा पाय चालवतो. एक लांबलचक, आखूड पायांचं कुत्रं तीन आठवडे मागचे पाय नुसते ओढत होतं. गेल्या सोमवारी त्याची शेपूट हलली. मला ओरडावंसं वाटलं, पण नियम असा की दिसेल ते आधी लिहायचं. मी लिहिलं, 'शेपूट: होय.' आमच्या शिकवणाऱ्या बाईंनी ते वाचलं आणि इतक्या हसल्या की त्यांना खुर्ची घ्यावी लागली.

निघताना तुम्ही विचारलं होतं, घोडा चोळायला शाळा लागते होय? तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. आता सुचलं आहे, पण ते बरंच लांब आहे आणि त्यात आकृत्या आहेत.

जानेवारीत पहिली प्रात्यक्षिक परीक्षा झाली. बरी झाली.

काकूला नमस्कार. मावशीला एक गाजर, माझ्या नावाने.

तुमचा पुतण्या


१९ फेब्रुवारी

काका,

मागच्या पत्रातलं एक वाक्य खोटं होतं. 'बरी झाली' हे ते वाक्य. मी नापास झालो.

कसा, ते सांगतो, कारण तुमच्याशिवाय कोणालाही हे नीट कळणार नाही. एक तांबडा घोडा दिला होता. वीस मिनिटांत त्याला हाताने तपासायचं आणि कुठे दुखतं, कुठे आखडलं आहे ते लिहायचं. मी डोक्यापासून शेपटापर्यंत गेलो. चार पानं लिहिली, खाडाखोड एकही नाही. परीक्षकांनी कागद बघितले, घोडा बघितला आणि विचारलं, "उजवी बाजू कोणासाठी ठेवली?"

काका, मी वीस मिनिटं घोड्याच्या डावीकडे उभा होतो. उजवीकडे हात लावला, पण पाठीवरून पलीकडे लांबवून. पाय जागचे हलवले नाहीत. आणि त्या घोड्याचं दुखणं उजव्या खांद्यामागे होतं, लिंबाएवढी गाठ. रस्त्यावरून जाणाऱ्या माणसालाही दिसली असती, फक्त तो रस्ता उजवीकडून जायला हवा होता.

वर्गातले बाकीचे हसले नाहीत, त्यांना हे समजलंच नाही. त्यांतल्या कोणीही तबेल्यात काम केलेलं नाही. ते घोड्याभोवती गोल फिरतात, टेबल पुसावं तसे. माझे पायच जाईनात. डावीकडून जा, डावीकडून दोरी धर, डावीकडून खोगीर चढव, डावीकडून पोटाखालचा तंग आवळ. चौदाव्या वर्षी शाळा सोडून आलो तेव्हा पहिल्या दिवशी तुम्ही हेच शिकवलंत, आणि मी एकदा चुकलो तर कान धरून पुन्हा डावीकडे आणलंत. मी तक्रार करत नाही. कारण सांगतो आहे.

त्या रात्रीपासून मला मावशी दिसते आहे. (परीक्षेच्या नादात विसरलो असं समजू नका.) ती उजवीकडे वळताना कशी वळते ते आठवा. लांबलचक मालगाडी वळावी तशी, सगळी एकदम. एकोणीस वर्षांची घोडी, पन्नास मुलं तिच्या पाठीवर बसायला शिकली, त्यातला मीही एक, आणि आपण सगळे म्हणत आलो की उजवीकडे वळायचा तिला आळस आहे, स्वभावच तसा. तो स्वभाव नाही, काका. ती मान आहे. सगळ्यांनी जन्मभर तिला एकाच बाजूने धरून चालवलं. त्यातली अकरा वर्षं मी.

आता विनंती. एप्रिलच्या शेवटी पुन्हा परीक्षा आहे. त्यासाठी एक मोठं जनावर आठ आठवडे हाताळून आणायचं असतं: आधी कसं होतं, रोज काय केलं, नंतर कसं झालं. आमच्याकडे कुत्री आहेत आणि एक मांजर आहे, ते मला चावलं. दुसऱ्या तबेल्यात मला कोणी आत घेणार नाही. जनावर मिळालं नाही तर वर्ष जाईल आणि माझी जागा पुढच्याला देतील.

मावशी द्याल का?

नाही म्हणायचं असेल तर काही कळवू नका, मी समजून घेईन. पण हो म्हणायचं असेल आणि तरीही तुम्ही काही कळवलं नाही, तर मला फरक कळणार नाही. म्हणून हो असेल तर काकूला सांगा.

तुमचा पुतण्या


२ मार्च

काका,

बसमधून उतरून थेट टेबलाशी बसलो आहे, म्हणजे काही विसरायला नको.

आज मला येऊ दिलंत, आभारी आहे. तुमचा निरोप काकूने फोनवर जसाच्या तसा सांगितला होता: "घोडी काय माझ्या बापाची आहे? मालकीणबाईंची आहे. येऊ दे." मी तो हो समजलो. मालकीणबाईंनाही आधीच विचारून घेतलं आहे.

तुम्ही चंदीच्या खोलीच्या दारात पाठ करून उभे होतात आणि एकाच डब्यातले चणे तीनदा मोजलेत. त्यामुळे काय झालं ते तुम्ही पाहिलं नसेल असं धरून लिहितो. गाजर मी मावशीच्या डाव्या बाजूला, तंगाच्या जागी धरलं. तिने मान वळवली आणि सहज घेतलं. मग तेच उजवीकडे धरलं. तिची मान खांद्याच्या अलीकडे थांबली. तिने माझ्याकडे बघितलं, गाजराकडे बघितलं आणि सगळं मागचं अंग फिरवून गाजर गाठलं. हुशार आहे. मी मोजलं: डावीकडे काहीच कमी पडत नाही, उजवीकडे दोन वितींवर चार बोटं कमी.

मी ते मोठ्याने म्हणालो तेव्हा तुम्ही वळलात आणि म्हणालात, "चाळीस वर्षं मी घोडे डावीकडून धरतो आहे. एकाही घोड्याने तक्रार केलेली नाही."

त्यावर मावशीने कान मागे टाकून फुरफुर केली, ते तुम्ही वळला होतात म्हणून तुम्हाला दिसलं असेल.

रोज मला येता येणार नाही, बसने सहा तास लागतात. म्हणून हे तुमच्या हातांनी व्हायला हवं. सांगायला संकोच वाटतो, कारण आजवर हात कसे चालवायचे ते तुम्ही मला सांगत आलात. तर:

सकाळी आधी मान चोळून गरम करायची, खरारा करतो त्याच दिशेने, पण बोटांनी. मग गाजर उजव्या खांद्याशी धरायचं. ती पोचली की मनात पाचपर्यंत मोजायचं आणि मग द्यायचं. तीनदा. ओढून नाही, फसवून नाही. रोज थोडं मागे, तंगाकडे सरकवायचं. मग तिला बाहेर न्यायचं ते उजवीकडून दोरी धरून. हे तुम्हाला विचित्र वाटेल. मला अजून वाटतं, मी इथे रिकाम्या खोलीत सराव करतो. संध्याकाळी पुन्हा हेच.

सोबत आठ कागद आहेत, आठवड्याला एक. रोजच्या चौकटीत बरोबरची खूण केली तरी पुरे. पाकिटांवर पत्ता लिहून तिकिटं लावली आहेत. नोंद महत्त्वाची आहे. नोंद नसेल तर घोडी उड्या मारत आली तरी परीक्षक केस धरत नाहीत.

(काकू, गाजरं जाडजूड आण. बारीक असली की ती बोटांसकट घेते.)

तुमचा पुतण्या


२० मार्च

काका,

दोन आठवडे झाले, कागद आला नाही. पोस्टात विचारून आलो. पोस्टातला माणूस आता मला ओळखतो आणि मी दारात दिसलो की तिथूनच मान हलवतो.

काकूला फोनवर विचारलं, काका करतात का? ती म्हणाली, "मला तबेल्यात काय चालतं ते कळत नाही, मला एवढंच कळतं की भाजीवाली मला विचारते, तुमच्या घरी सशांची पैदास आहे का." यावरून काय समजायचं ते मी ठरवलेलं नाही. गाजरं घरातही खाता येतात.

मी रोज हिशेब करतो की तुम्ही का रागावला आहात आणि रोज त्याच एका ठिकाणी येऊन थांबतो. मी नोकरी सोडली म्हणून नाही. नालबंदाचा मुलगा सोडून गेला तेव्हा तुम्ही त्याला स्वतः बसमध्ये बसवून दिलं होतं. तेव्हा ते एक लिहून टाकतो. काकू, हे नीट वाच, सावकाश.

या शिक्षणाला बारावी लागते. मी नववी. पण दहा वर्षं जनावरांचं काम केलेलं असेल तर चालतं, त्याचा दाखला लागतो, कामावरच्या वरिष्ठाच्या सहीचा. माझे वरिष्ठ तुम्ही. तुम्ही घोडी बघायला दोन दिवस बाहेर गेला होतात, तेव्हा मी मालकीणबाईंकडे गेलो आणि सही घेतली. त्यांनी विचारलं, काकांना माहीत आहे ना? मी हो म्हणालो.

पुढचं मला नंतर कळलं. तुम्ही परत आलात, तेव्हा मालकीणबाईंनी नालबंदासमोर तुमचं अभिनंदन केलं. पुतण्या शिकायला चालला, तुम्ही परवानगी दिलीत, मोठं मन आहे तुमचं. तुम्हाला त्या क्षणापर्यंत काहीच माहीत नव्हतं. आणि तुम्ही म्हणालात, हो, हुशार आहे तो.

तुम्ही मला तोंडघशी पाडलं नाहीत. पाडलं असतंत तर त्यांनी दाखला फाडला असता.

मी का विचारलं नाही? तुम्ही नाही म्हणाल याची भीती होती, असं मी सगळ्यांना सांगतो. ती अर्धीच गोष्ट आहे. तुम्ही हो म्हणाल याचीही भीती होती. तुम्ही हो म्हणाला असतात, तर मला जावंच लागलं असतं, आणि नापास झालो असतो तर तुमच्या शब्दावर नापास झालो असतो.

चुकलो. याला पुढे 'पण' नाही.

तुमचा पुतण्या


११ एप्रिल

काका,

काल जाड पाकीट आलं. जिन्यातच फोडलं. पहिल्या पाच आठवड्यांचे पाच कागद. पाचही कोरे. एकही खूण नाही. चौथ्या कागदावर हिरवट डाग आहे, तो लाळेचा असावा, पण मी त्यावरून कसलाही अर्थ काढणार नाही, कारण तबेल्यात ठेवलेल्या कोणत्याही कागदावर तो पडतो.

मी समजलो. मला राग नाही. म्हणजे काल संध्याकाळी थोडा होता, मग शिंप्याने हाक मारून चहा दिला आणि मी तासभर त्याच्या दुकानात गुंड्या रंगवारी लावत बसलो, त्यात तो गेला.

सकाळी बाईंना सांगितलं की माझं नाव कमी करा. त्यांनी विचारलं, घोडी कशी आहे? मी म्हणालो, माहीत नाही, कागद कोरे आहेत. त्या म्हणाल्या, "मी कागदाला नाही विचारलं. घोडी बघितल्याशिवाय मी कोणाचं नाव खोडत नाही." त्यामुळे २८ तारखेपर्यंत नाव तसंच राहणार, नुसतं नावाला.

पुढच्या वर्षी जमलं तर बघीन. दवाखान्यात मदतनीस म्हणून ठेवतील, टाकी धुवायला मी चांगला आहे.

एकच मागणं. माझ्यासाठी करायचं नसेल तर नका करू, पण गाजर द्याल ते उजवीकडून द्या. तिला आवडतं.

तुमचा पुतण्या


२९ एप्रिल

काकू,

हे पत्र तुला आहे. काल काय झालं असं तू काकांना विचारलं असशील आणि ते म्हणाले असतील, "झालं एकदाचं." एवढ्यावर तुझं भागणार नाही, म्हणून लिहितो.

रविवारी तू फोन करून म्हणालीस, काकांनी घोडे न्यायची गाडी सांगितली आहे, पहाटे निघतील, आणि मी काही विचारायच्या आत दूध उतू जातं आहे म्हणून ठेवून दिलास. मला वाटलं, घोडी परत करायला आणत असतील. मग लक्षात आलं की घोडी माझ्याकडे नव्हतीच. रात्रभर असलेच विचार.

साडेनऊला गाडी आवारात आली. काका उतरले, इस्त्रीचा सदरा. (तू केलीस का इस्त्री? फार छान होती.) माझ्याशी बोलले नाहीत. मागचं फळकूट पाडलं आणि मावशीला उतरवलं. उजवीकडून, काकू. दोरी डाव्या हातात, स्वतः घोडीच्या उजव्या खांद्याशी, जणू जन्मल्यापासून तसेच चालत आले आहेत. मावशी माझ्याशी मात्र बोलली, खिशात तोंड घालून.

परीक्षक तेच, उजव्या बाजूचे. त्यांनी गाजर माझ्या हातात दिलं. मी उजवीकडे गेलो, पायांनी चालत, आणि तंगाच्या जागी धरलं. मावशीने मान वळवली. खांद्याशी थांबली नाही. मागचं अंग जागच्या जागी, चारही खूर जमिनीवर, आणि तोंड थेट गाजरावर. मी पाचपर्यंत मोजायचं विसरलो, तीच थांबली. आधी दोन वितींवर चार बोटं कमी पडत होती, ती सगळी भरून निघाली. मग वर्तुळात उजवीकडे चालवली. मालगाडी कुठे नव्हती.

परीक्षकांनी हात पुढे केला, नोंदी? मी कोरे कागद दिले. ते म्हणाले, छान आहे घोडी, पण हे मला धरता येणार नाही. मी म्हणालो, हो, माहीत आहे. आणि तिथे संपलं असतं.

काका म्हणाले, "कागदावर नाही, पण मला पाठ आहे. विचारा."

परीक्षकांना आधी ती थट्टा वाटली. त्यांनी सहज विचारलं, दुसऱ्या आठवड्यातला गुरुवार? काका म्हणाले, त्या दिवशी नालबंद आला होता, पुढचे नाल बदलले, म्हणून सकाळी मान चोळली पण चालवली नाही. गाजर खांद्याच्या मागे एक वीत. संध्याकाळी पूर्ण. परीक्षकांनी विचारलं, सहावा आठवडा, सोमवार? पंप बिघडला, बादल्यांनी पाणी, तरी दोन्ही वेळा केलं, संध्याकाळी ती पहिल्यांदा तंगाला पोचली. परीक्षकांनी खुर्ची मागवली. मग दुसरी मागवली, काकांसाठी. मला म्हणाले, तुम्ही लिहून घ्या, मी तपासतो. छप्पन्न दिवस, काकू, दीड तास. मधून मधून ते मागचा एखादा दिवस पुन्हा विचारत, शब्दही इकडचा तिकडे होत नव्हता. बाई खिडकीत येऊन उभ्या राहिल्या.

खुणा का केल्या नाहीत असं परीक्षकांनी विचारलंच. काका म्हणाले, "घोड्याचं काम करून खूण करायची, म्हणजे कोणाला तरी दाखवायला केल्यासारखं होतं."

चौथ्या आठवड्यापाशी आलो. सोमवार २४ मार्च. काका म्हणाले, नाही केलं. मंगळवार? नाही. बुधवार, गुरुवार, नाही. परीक्षकांनी लेखणी थांबवली आणि कारण विचारलं, कारणाचा वेगळा रकाना असतो. घोडी आजारी होती का?

काका म्हणाले, "घोडी ठणठणीत होती. मला राग आला होता. घोडीचा नाही, याचा."

पत्र चोवीसला पोचलं असणार. तू सावकाश वाचलंस, मी सांगितलं तसं.

परीक्षकांनी विचारलं, मग शुक्रवारी पुन्हा का सुरू केलं? काका मावशीकडे वळले. मग म्हणाले, शुक्रवारी चंदी द्यायला आत गेलो तर ही उजवीकडे मान वळवून उभी. हातात काही नव्हतं माझ्या. ही आपली मान वळवून उभी. किती वेळ उभी होती कोण जाणे. राग माझा, ताण तिला.

मी लिहीत होतो, पण अक्षर बिघडलं, तो कागद पुन्हा लिहावा लागला.

मग परीक्षक म्हणाले, चार दिवसांचं कारण तुम्ही तुमच्या शब्दांत लिहा, सगळं धरता येईल. मी विचार केला आणि लिहिलं. काकांनी विचारलं, काय लिहिलंस? मी वाचून दाखवलं: 'विद्यार्थ्याने घोडी हाताळणाऱ्याला न विचारता, त्याच्या नावावर खोटं बोलून दाखला मिळवला होता. त्याचा परिणाम. चूक विद्यार्थ्याची.' परीक्षक म्हणाले, असलं कारण मी आजवर वाचलेलं नाही. पण खोडायला सांगितलं नाही.

खाली हाताळणाऱ्याच्या सहीची जागा होती. काकांनी कागद ओढून घेतला, मांडीवर ठेवला, आणि माझ्याकडे न बघता मलाच म्हणाले, "मास्तर, तेव्हा विचारलं असतंस तरी दाखल्यावर सही केलीच असती."

आणि सही केली. मग म्हणाले, उद्या मालकीणबाईंना तू स्वतः खरं सांगायचंस, मी नाही सांगणार. मी हो म्हणालो. आज सकाळी फोन करून सांगितलं. त्या म्हणाल्या की त्यांना नालबंदाकडून केव्हाच कळलं होतं.

पास झालो, काकू. हे सगळ्यात आधी लिहायला हवं होतं.

तुझा पुतण्या